चौदा नंबरची खुर्ची

"जो पास वर्षभर दारावर दाखवलाच नाही, तो रद्द," क्लबचा सचिव वालेन्तिन म्हणाला. "नियम मी नाही केला, दोब्री आजोबा. संघ वरच्या गटात चढलाय, पाससाठी लोक रांग लावून बसलेत. आणि तुमची चौदा नंबरची खुर्ची बावीस वर्षं रिकामी!"

"रिकामी कशी? स्तामेनची आहे ती. माझ्या भावाची."

"मग त्याला बसवा की तिच्यावर!"

दोब्रीनं टोपी डोक्यावर घातली आणि तो बाहेर पडला.

दर उन्हाळ्यात तो दोन पास काढायचा. दर सामन्याला दारावरच्या बाईकडून सूर्यफुलाच्या बियांच्या दोन पुड्या घ्यायचा. स्वतः पंधरावर बसायचा, एक पुडी चौदावर ठेवायचा. खुर्चीच्या पाठीला पिवळा-काळा मफलर बांधायचा. स्टँडमधली जुनी मंडळी आता उरली नव्हती. आजूबाजूच्या पोरांना वाटायचं, म्हातारा कोट ठेवायला जागा अडवतो. पास रद्द झाला तर तिथं कोणीतरी उपरा येऊन बसणार, आणि त्या विचारानंच दोब्रीची झोप उडाली होती.

त्या शनिवारी गोल झाला तेव्हा सगळं स्टँड उठलं. दोब्रीही उठला. मग वाकून त्यानं शेजारच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर थाप मारली, आणि मागच्या रांगेतल्या गेर्गाना नावाच्या कॉलेजकन्येनं ते नेमकं मोबाइलवर टिपलं. सगळा मिळून अकरा सेकंदांचा व्हिडिओ. खुर्ची कुणाची ते त्यालाच विचारून खाली तिनं लिहिलं, 'भावाची जागा'. सोमवारपर्यंत अर्ध्या बल्गेरियानं डोळे पुसले होते. ज्यांना फुटबॉल गोल की चौकोनी ते ठाऊक नाही, त्यांनीसुद्धा.

मंगळवारी गेर्गाना त्याच्या घरी आली.

"आजोबा, कसं झालं हो ते? मैदानातच?"

"मैदानातच. शेवटच्या मिनिटाला आपल्या पोरानं पेनल्टी बाहेर मारली. एकोणीस वर्षांचं पोर. मी उभा राहून त्याला आईवरून शिव्या घातल्या."

"सगळेच घालतात."

"सगळेच घालतात," दोब्री म्हणाला. "शेजारी बघतो तर स्तामेन उठून जिन्याकडे निघालेला. पुडी तशीच खुर्चीवर."

"आणि जिन्यावर...?"

दोब्रीनं खिडकीतून डॅन्यूब नदीकडे तोंड वळवलं. "मी मागं गेलो नाही. सामना चालू होता ना."

गेर्गानाचे डोळे भरून आले. पुढं विचारायचा तिला धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी ती त्याच्याबरोबर चर्चमध्ये गेली. दर बुधवारी तो तिथल्या वाळूच्या दुमजली पेटीत दोन मेणबत्त्या लावायचा. एक वारलेल्या बायकोसाठी, खालच्या वाळूत. दुसरी स्तामेनसाठी, वरच्या वाळूत.

"दोन्ही खालीच लावा ना आजोबा, एकत्र छान दिसतील," गेर्गाना मोबाइल धरून म्हणाली.

"पोरी, ज्याची त्याची जागा असते."

तोही व्हिडिओ देशभर फिरला.

आता वालेन्तिन स्वतः केक घेऊन घरी आला. पास कधीही रद्द होणार नव्हता. खुर्चीवर पितळी पाटी बसणार होती, आणि रविवारच्या सामन्याआधी सगळं मैदान एक मिनिट स्तब्ध उभं राहणार होतं.

"पाटीवर तारखा घालतो. जन्माची आणि दुसरी. सांगा."

"जन्माची घाला. दुसरी नको."

"कळतं मला, आजोबा," वालेन्तिननं नाक ओढलं.

दोब्रीला यातलं काहीच नको होतं. त्याला फक्त खुर्ची हवी होती. ती राहत होती, म्हणून तो गप्प बसला, आणि आपण गप्प बसलो याची त्याला मनापासून लाज वाटली.

रविवारी दुपारी मैदानाबाहेरच्या झाडाझाडावर निधनवार्तेचे काळ्या चौकटीचे कागद डकवलेले होते. त्यांवर स्तामेनचा तरुणपणीचा फोटो. दोब्री मान खाली घालून तिथून पुढं सरकला. त्यानं दोन पुड्या घेतल्या, एक चौदावर ठेवली. पाटी उन्हात चमकत होती.

पंचांची शिट्टी झाली. सहा हजार माणसं उभी राहिली. बिया फोडायचा आवाजसुद्धा थांबला.

तेवढ्यात जिन्यावर काठी वाजली. एक म्हातारा खुर्च्यांचे नंबर वाचत, धापा टाकत वर येत होता. डोक्यावर टोपी तशीच.

"शू!" गेर्गानाच्या शेजारचा पोरगा फिस्कारला. "काका, टोपी काढा! दिसत नाही का? श्रद्धांजली चाललीय!"

"कुणाला?"

"स्तामेनला!"

"मग मी कशाला काढू?" म्हातारा म्हणाला. "स्वतःलाच?"

तो पंधराव्या खुर्चीपाशी येऊन थांबला. दोब्रीच्या हातातली पुडी कलली आणि बिया त्याच्या बुटांवर सांडल्या. म्हाताऱ्यानं चौदा नंबरची पाटी वाचली, बोटानं पुसली.

"साऱ्या देशानं मला पुरलं," तो हळूच म्हणाला. "पण तू मेणबत्ती वर लावलीस, जिवंतांच्या वाळूत. ते बघून आलो, दादा. आता बसतोही. पण आधी माझ्या पोराची माफी माग. त्या पेनल्टीनंतर त्यानं चेंडूला पाय लावलेला नाही."