उजवी सीट

"हा वायपर इतका रेंगाळतो कशाने?" कुमुदताईंनी सुनेला विचारलं.

शाल्मलीने दिवंगत सासऱ्यांच्या जुन्या स्पोर्ट्‌स कारचं बॉनेट उघडलं होतं. पावसात समोरचं दिसत नाही, म्हणून तिचा नवरा गाडी विकायला निघाला होता.

"आई, मोटर चांगली आहे." तिने वायपर फिरवणारे दांडे सुटे केले. "हे बघा, सांध्यांतलं ग्रीस वाळलंय."

कुमुदताईंनी बोट लावलं. ग्रीस मेणासारखं घट्ट झालं होतं. इतकी वर्षं त्या या गाडीत डावीकडे बसल्या. बॉनेटखाली काय असतं हे यजमानांनी कधी दाखवलं नव्हतं, त्यांनीही विचारलं नव्हतं. आज मात्र हे कशाला, ते कुठे जातं, असं विचारत त्यांनी रॉकेलच्या फडक्याने दांडे स्वतः पुसले. शाल्मलीने नवं ग्रीस भरून ते पुन्हा जोडले.

"आता आत बसा आणि बटण दाबा."

कुमुदताई पहिल्यांदाच उजव्या सीटवर बसल्या. शाल्मलीने काचेवर तांब्याभर पाणी ओतलं. वायपर सपासप फिरले.

"झालं. उतरा आता."

कुमुदताई उतरल्या नाहीत. त्या वाकून पायांपाशी बघत होत्या.

"यातला ब्रेक कुठला गं?"