वाटी संपेपर्यंत

खाटांवर माणसं होती, पण एकही ओळखू येत नव्हतं. डोक्यापासून छातीपर्यंत बँडेज, तोंडापुरती फट, खाली ब्लँकेट. त्या ब्लँकेटला कोणी हात लावायचा नाही, अशी डॉक्टरांची ताकीद. विनता वॉर्डाच्या दारातच थबकली.

काल दुपारी फॅक्टरीत बारूद भरायच्या शेडला आग लागली. लढाई थांबून आठवडा होऊन गेला होता, पण खिडक्यांवरचे ब्लॅकआउटचे काळे कागद निघाले नव्हते आणि शेडमधला ओव्हरटाइमही बंद झाला नव्हता. विनताचा नवरा, रत्नाकर, त्याच पाळीला होता. त्या शेडमध्ये जाताना माणसं अंगठी, घड्याळ, गळ्यातला क्रूस, सगळं दाराशी काढून ठेवतात आणि एकाच कापडाचे बिनखिशाचे कपडे चढवतात. त्यामुळे बाहेर काढलेल्यांत कोण कुणाचा, हे सांगणारं अंगावर काही उरलंच नव्हतं. तिघांना या दवाखान्यात आणलंय, एवढं तिला गेटवर कळलं. बाकीच्यांचं तिनं विचारलं नाही.

वॉर्ड बेबी सिस्टरच्या ताब्यात होता. बाई विनताच्याच चर्चमधली, तोंडाची फटकळ. नातेवाइकांना आत सोडायचं नाही, असं तिनं आधी बजावलं. मग म्हणाली, नाताळ म्हणून अर्धे लोक रजेवर आहेत, भरवायला हात कमी पडताहेत. वाटी धरणार असशील तर ये.

विनता आत आली आणि हळूच म्हणाली, "अहो."

दोन खाटांवरची डोकी हलली.

"अहो तर सगळेच असतात, बाई," सिस्टर म्हणाली. "नाव घे नं. काहून लाजून राहिली?"

लग्न झाल्यापासून जे नाव तिनं नवऱ्याच्या तोंडावर कधी उच्चारलं नव्हतं, ते तिनं घेतलं. कोणी हललं नाही. पुन्हा घेतलं, जरा मोठ्यानं. वॉर्ड तसाच. तिनं खाटेची दांडी धरली.

सिस्टरचा आवाज थोडा उतरला. तिनं सांगितलं, कोपऱ्यातला तो इंजेक्शनच्या झोपेत आहे, कानाशी ढोल बडवला तरी उठायचा नाही. त्याला शेवटी जागं करू. इकडचे दोघंही अजून गुंगीतच आहेत, नाव विचारलं तर सांगत नाहीत. तोवर त्यांच्यापासून सुरुवात कर.

"आणि वाटी संपेपर्यंत उठायचं नाही. अर्ध्यावर सोडलंस तर मीच बाहेर काढीन."

खूण एकच होती. सायकलवरून पडून रत्नाकरचा वरचा दात अर्धा तुटला होता. चमचा पुढे केला की तोंड उघडेल, तोंड उघडलं की दिसेल.

पहिल्याचे दात अख्खे होते. तिला सुटल्यासारखं वाटलं की बुडाल्यासारखं, तिचं तिलाच कळेना. वाटी मात्र काठोकाठ भरलेली. ती भराभर चमचे देऊ लागली. पेज हनुवटीवरून बँडेजमध्ये उतरली आणि तो माणूस कण्हला.

"अगं, पोतं भरून राहिली का?" सिस्टर लांबूनच म्हणाली.

विनतानं पदरानं त्याची हनुवटी टिपली. मग चमचा अर्धाच भरू लागली. थोड्या वेळानं तिच्या लक्षात आलं, त्याच्याबरोबर आपलंही तोंड उघडतंय. घरी बाळाला भरवताना असंच होतं. बाळ सकाळपासून शेजारच्या मनीषाकडे होतं. आता भुकेनं रडत असेल. चोळी ओली झाली तसा तिनं पदर ओढून घेतला.

"दीदी," त्या माणसाचा आवाज वाळूसारखा खरखरला, "संतरा."

चर्चच्या बायका सकाळी गाणी म्हणून प्रत्येक उशाशी एकेक संत्रं ठेवून गेल्या होत्या. गेल्या नाताळला विनताही त्यांच्यात होती. वॉर्ड झटपट उरकून ती करंज्या तळायला घरी पळाली होती. सोलणार कोण, हे तेव्हा तिच्या मनातही आलं नव्हतं. आता तिनं संत्रं सोललं, फोडीवरचे दोरे काढले, बिया काढल्या, आणि फोड त्याच्या जिभेवर ठेवली. तो ती चावेना. नुसता चोखत राहिला, संपू नये म्हणून.

दुसरा तोंडच उघडत नव्हता. त्याचे ओठ थरथरत होते. ती त्याच्याशी बोलत बसली, बाळाशी बोलते तसं काहीबाही, की थोडीच आहे, गोड आहे, मीठही घातलंय. एक घोट गेला. मग दुसरा. वाटीचा तळ दिसला तेव्हा तिला आठवलं. दात बघायचा राहिलाच होता, आणि आता ओठ मिटले होते.

"बस, दीदी," तो म्हणाला. "भगवान आपके बच्चों को सुखी रखे."

तो आवाज रत्नाकरचा नव्हता.

आता कोपऱ्यातली एकच खाट उरली. सिस्टर तिकडे जाऊन त्या माणसाचा खांदा हलवत होती. विनता रिकामी वाटी धरून उभी राहिली. ते इथंही नसले तर मग कुठं जायचं, हे तिला ठाऊक होतं. सकाळपासून ती प्रेतं ठेवलेल्या त्या खोलीचा विचार टाळत आली होती.

सिस्टरनं चुलीवरून ताजी पेज आणून तिच्या हातात दिली.

विनता खाटेशी बसली. बँडेजच्या फटीत सुकलेले, तडकलेले ओठ होते. चमचा जवळ येताच ते हलले, आणि त्या माणसानं तोंड उघडलं.

पेज कढत होती. विनतानं चमचा मागे घेतला आणि दात बघायच्या आधी फुंकर घातली.