अकरा तास, एकवीस तास

"इथून तुमच्या देशात जायला अकरा तासच तर लागतात की," रजेच्या टेबलावरचा कारकून फोन तिच्याकडे वळवत म्हणाला. "नऊ हजार शंभर किलोमीटर. लिहिलंय बघा इथे."

हॉटेलच्या इस्त्रीखात्याची मुकादमीण टेबलाला हात टेकून उभी होती. सकाळपासून दोनशे चादरी हाताखालून गेल्या होत्या, आणि आता हा बाबा तिला भूगोल शिकवत होता.

"सरळ जाणारं विमानच नाही, साहेब. मध्ये उतरायचं, सहा तास ताटकळायचं, दुसरं विमान धरायचं. वर चार तास बस. एकवीस तास होतात."

"होऊ देत की. पण ही रजा निधनाची आहे. आई गेल्याशिवाय देता येत नाही."

"डॉक्टरांनी दोन दिवस सांगितलेत. ती गेल्यावर निघाले तर तोंड कुणाचं बघू?"

"साधी रजा तुम्ही पाठदुखीत संपवलीत. हंगामात बिनपगारी बंद. न सांगता गेलात तर नाव कटेल. नियम मी केलेले नाहीत, बाई."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नियम करणारा कधी भेटतच नाही, भेटतो तो नेहमी हा असला, स्वेटर घातलेला, बिचारा.

बिचाऱ्याने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "एक करा. अर्जावर मृत्यूच्या तारखेच्या रकान्यात आजची तारीख टाका. दाखला महिन्याभरात जोडला तरी चालतो. कोणी विचारत नाही."

त्याने पेन पुढे सरकवलं. नात्याच्या रकान्यात तिने 'आई' लिहिलं, आणि पुढे हात चालेना.

"तुमची आई आहे?"

"आहे."

"मग आधी तिची तारीख लिहून दाखवा."

त्याने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "चारला मोठे साहेब निघतात. सही आजच व्हायला हवी."

तिने तारीख लिहिली. इतकी दाबून, की कागद फाटला. कारकुनाने फाटल्या जागेवर चिकटपट्टी लावली, आत जाऊन सही घेऊन आला, शिक्का मारला आणि सवयीने म्हणाला, "आम्ही तुमच्या दुःखात सहभागी आहोत."

"ते जपून ठेवा," ती म्हणाली. "पुन्हा लागेल."

जिन्यात येऊन तिने भावाला फोन लावला.

"मिळाली रजा. तासाभरात निघते."

"ताई, आई सारखी विचारतेय. पोचशील ना गं वेळेत?"

"तिला सांग, कागदावरचं तुझं मरण उरकून आलेय मी. आता अजिबात घाई करायची नाही."