वॉटर स्ट्रीटची शाळा उजवी ठरली

जिन्याचा कठडा घासून होईपर्यंत रॉक्सानच्या हातांची सालटं निघाली होती. तिचे वडील, स्टॅन दुदेक, खालच्या पायरीवर बसून रंगाचा डबा ढवळत होते.

“रॉक्सी, मढ्याला पावडर लावली म्हणून ते उठून बसतं होय?” ते म्हणाले.

“बाबा, तुम्ही डबा ढवळा.”

मंगळवारी समिती येणार होती. पोलादाचा कारखाना बंद पडल्यापासून ब्रेनर्ड फेरी गावातली घरं एकेक करून रिकामी झाली आणि घरांबरोबर मुलंही गेली. शाळा मंडळाकडे आता दोनच प्राथमिक शाळा उरल्या होत्या. एक नदीकाठची ही वॉटर स्ट्रीटची, दुसरी टेकडीवरची हिलटॉप. दोन्ही चालवणं मंडळाला झेपत नव्हतं. समिती दोन्हींची तुलना करणार होती आणि उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर त्यातली एकच उघडणार होती.

हिलटॉप तशी लांब नव्हती. मुलांसाठी बसही होती. पण रॉक्सानची मुलगी टेसा, वय वर्षं सात, बाप घर सोडून गेल्यापासून घराबाहेर एक शब्द बोलत नसे. दुकानात नाही, डॉक्टरांकडे नाही, शाळेतही नाही. मग गेल्या हिवाळ्यात एकदा, मिस पेट्रिलोंच्या वर्गात ओले हातमोजे वाळत घालताना ती म्हणाली, “माझा एक हरवलाय.” मिस पेट्रिलोंनी काही विशेष घडलंच नाही असं दाखवलं आणि तिच्याबरोबर बाकांखाली तो शोधला. तेव्हापासून टेसा त्या वर्गात बोलायची. फक्त त्या वर्गात. आणि शाळा बंद झाली तर आपण निवृत्त होणार, हे मिस पेट्रिलोंनी सांगून टाकलं होतं. टेकडी चढायचं त्यांचं वय राहिलं नव्हतं.

म्हणून रॉक्सान दारोदार फिरली. सुरुवातीला कुणी आलं नाही. मग स्टॅनच चरफडत आले आणि त्यांच्यामागून कारखान्यातले त्यांचे जुने सोबती. त्यांनी छप्पर दुरुस्त केलं, खिडक्यांच्या काचांभोवती नवी लांबी भरली, बॉयलर उघडून पुन्हा जोडला. बायकांनी फरशा घासल्या. हिलटॉपच्या पालकांनी कशालाच हात लावला नाही. तिथे छप्पर गळत होतं, तळघरात बुरशी होती. ते ऐकून रॉक्सानला बरं वाटलं आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

समितीत तिघे होते. मंडळाचे अध्यक्ष हॅस्केल, दोन सभासद. बरोबर राखाडी कोटातली एक बाई होती, तिची ओळख कुणी करून दिली नाही. मुख्याध्यापकाची जागा वर्षभर रिकामीच होती, त्यामुळे शाळा दाखवायचं काम मिस पेट्रिलोंनी रॉक्सानवर सोपवलं.

“भिंती काय दणकट आहेत,” हॅस्केल म्हणाले. “असं बांधकाम आता होत नाही.”

“बॉयलरही बघा ना. अजून वीस हिवाळे काढेल, असं बाबा म्हणतात.”

“इथे लिफ्ट बसवता येईल?” त्या बाईने विचारलं.

“येईल की. जिन्यामागे जागा आहे. चाकाच्या खुर्चीतल्या मुलांची सोय होईल.” हे विचारणारं कुणीतरी भेटलं म्हणून रॉक्सानला बाईंचं कौतुक वाटलं.

मिस पेट्रिलोंच्या वर्गात वाचन चाललं होतं. परकी माणसं आत आली तशी टेसाची मान खाली गेली. मिस पेट्रिलोंनी नेहमीच्याच आवाजात म्हटलं, “टेसा, पुढचं तू वाच गं.”

वर्ग थांबला. दारात स्टॅनच्या शेजारी उभ्या असलेल्या रॉक्सानने कडी घट्ट धरली. टेसाने बोट ओळीवर ठेवलं आणि वाचायला लागली. आधी पुटपुटत, मग सगळ्यांना ऐकू जाईल असं. हॅस्केल पान संपेपर्यंत उभे राहिले. मग त्यांनी चष्मा काढून पुसला. राखाडी कोटातल्या बाई खिडकीपाशी होत्या.

“नदी छान दिसते इथून,” त्या म्हणाल्या.

घरी जाताना स्टॅन म्हणाले, “तो चष्मेवाला डोळे पुसत होता गं.”

“चष्मा पुसत होते, बाबा.”

“मी पाहिलं ना.” कारखाना बंद झाल्यापासून ते कशाबद्दलच चांगलं बोलले नव्हते. “कोण जाणे रॉक्सी, जमेलही.”

इतके दिवस रॉक्सानने आशा धरली नव्हती, नुसतं काम केलं होतं. त्या संध्याकाळी मात्र तिने टेसाला पुढच्या वर्षीचं दप्तर कुठल्या रंगाचं हवं ते विचारलं.

निकाल हायस्कूलच्या सभागृहात सांगणार होते. दोन्हीकडचे पालक जमले. हिलटॉपची मंडळी मागे बसली होती, चेहरे पडलेले. रॉक्सान, स्टॅन आणि मधे टेसा पुढच्या रांगेत होते. मिस पेट्रिलो त्यांच्या मागे.

हॅस्केल उभे राहिले. छप्पर, भिंती, तापवण्याची सोय, मुलांचं वाचन, एकेक घेत ते सांगत गेले. प्रत्येक ठिकाणी वॉटर स्ट्रीट पुढे होती.

“थोडक्यात,” ते म्हणाले, “समितीच्या मते वॉटर स्ट्रीटची शाळा सर्व बाबतींत उजवी आहे. यामागे कुणाचे कष्ट आहेत, तेही आम्हाला ठाऊक आहे.”

टाळ्या सुरू झाल्या. स्टॅननी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि मान फिरवली. मिस पेट्रिलोंचा हात रॉक्सानच्या खांद्यावर आला. एवढ्या गर्दीत, परक्या माणसांच्या मधोमध, टेसाने तोंड उघडलं.

“आई, आपण जिंकलो?”

रॉक्सानने मान हलवली, हो.

टाळ्या थांबेपर्यंत हॅस्केल खाली बघत उभे होते.

“म्हणूनच त्या इमारतीला गिऱ्हाईक मिळालं,” ते म्हणाले. “हिलटॉपची कुणी फुकटही घेईना. तेव्हा सगळी मुलं आता टेकडीवर जातील.”