दोन चिंध्या

लाल चिंधी. निळी चिंधी. वांग्याच्या गाठाळलेल्या मुळ्या. देवपूरच्या प्रयोगशाळेत उजळलेल्या दोन रेघा, एक वर, एक खाली.

मुळ्यांतल्या सूत्रकृमींवर प्रज्ञाचा प्रबंध होता. सूक्ष्मदर्शकाखाली शेताच्या दोन्ही टोकांचे कृमी सारखेच दिसले, म्हणून ‘एकच जात’ असं तिने लिहूनही टाकलं होतं. आज डीएनए तपासला, तर जाती दोन निघाल्या.

तिने शेतकरी तानुबाईंना फोन लावला. बोलताना ती उभीच होती.

“अक्का, प्रबंध चुकता चुकता वाचला. तुम्ही कसं ओळखलंत?”

“त्यात काय! वावरना या टोकले भुईमूग पेरा ते गाठी येतस, त्या टोकले नही येतस. तुन्हं मशीन आते जागं व्हयनं का?”

“शेत एकच आहे, सगळ्या मुळ्या एकाच पिशवीत भरा,” असं प्रज्ञाने सांगितलं होतं. तानुबाईंनी दोन पिशव्या भरून दोन रंगांच्या चिंध्या बांधल्या होत्या.