खंडेनवमीचं बोट

चाकणच्या आमच्या रंगाच्या कारखान्यातल्या सगळ्या टाक्या, पंप आणि व्हॉल्व्ह आता एका टचस्क्रीनवर चित्रं होऊन बसलेत. व्हॉल्व्हच्या चित्राला बोट लावलं की स्क्रीन 'नक्की?' विचारते, पुन्हा बोट लावलं की खरा व्हॉल्व्ह उघडतो. "दोनदा विचारतं ते! आता तुमच्यासारख्यांच्या हातून चुका व्हायच्या नाहीत," असं दिग्विजय साहेबांनी ऑपरेटर पूनमला सगळ्यांदेखत ऐकवलं होतं.

खंडेनवमीला त्या स्क्रीनचीही पूजा ठेवली. पूनमनं ताट धरलं. साहेबांनी फोटोसाठी मान कॅमेऱ्याकडं वळवली आणि चालू स्क्रीनच्या मधोमध, नेमकं एका व्हॉल्व्हच्या चित्रावर, आधी हळदीचं बोट टेकवलं, मग त्याच जागी कुंकवाचं. हळदीच्या बोटाला स्क्रीननं 'नक्की?' विचारलं, कुंकवाच्या बोटानं 'हो' म्हणून टाकलं. भरलेल्या टाकीतला सगळा निळा रंग कारखानाभर पसरला आणि पेढ्यांचे खोके त्यात तरंगायला लागले.

त्याच दुपारी पूनमवर चौकशी बसली, अध्यक्ष अर्थात साहेबच. निळे बूट टेबलाखाली सरकवत त्यांनी पहिला प्रश्न विचारला,



"हळद एवढी पातळ कुणी कालवली होती?"