कोथिंबिरीचा गुण

“सांबार,” हिंमतराव म्हणाले.

निशिगंधाने बुद्धीच्या चाचणीसाठी धरलेल्या चित्रात कोथिंबिरीची जुडी होती. तिने कागदावर फुली मारली. त्याआधी पेरूला जाम, बटाट्याला आलू आणि गुडघ्याला टोंगळा म्हटल्याच्या तीन फुल्या पडल्याच होत्या. उत्तरतालिकेत प्रत्येक चित्राचं एकच नाव बरोबर होतं आणि ते पुण्यातलं होतं.

बाकी माणूस पक्का होता. वीस मिनिटांपूर्वी सांगितलेले पाच शब्द त्याने धडाधड म्हणून दाखवले. घड्याळाचं चित्र काढताना तेवढा एक काटा चुकला. पंधरा वर्षं ट्रक चालवला, दारू प्याला, एचआयव्ही घेऊन घरी आला, बायको गमावली. दारू सोडून दोन वर्षं झाली होती. गोळ्या एक दिवस चुकल्या नव्हत्या.

“मॅडम, कागद आजच भेटीन ना?” त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. “पोरगी राखी अमडापूरले मामाजवळ हाय. थो म्हनते, डोकं ठिकाणावर असल्याचा कागद आन अन् राखीले घेऊन जा.”

निशिगंधा फोन घेऊन दवाखान्याच्या व्हरांड्यात गेली. बाहेर एचआयव्हीच्या गोळ्या घ्यायला आलेल्यांची रांग होती. कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

“सर, इकडे कोथिंबिरीला सांबारच म्हणतात. ही चार उत्तरं धरली तर पेशंट एकवीसवरून पंचवीसवर जातो. चोवीसच्या वर म्हणजे नॉर्मल.”

“आणि आपल्या ‘बुद्धी मंदावलेल्या’ गटातून बाहेर,” तिचे मार्गदर्शक सर पुण्याहून म्हणाले. “एचआयव्ही, वर दारू, आणि बुद्धी शाबूत? असेच सापडत राहिले तर प्रबंधात काय लिहिणार आहेस? उत्तरतालिका म्हणते ते लिही. आणि लवकर आटप, आज अजून सहा जण व्हायचेत.”

सहा जण व्हायचेत. गिरणीवरचे डबे असावेत तसे. तिला सरांची किळस आली. पण सर निदान या भागातले तरी नव्हते. तिचं स्वतःचं गाव याच भागातलं, धामणगाव बढे. जन्मभर तिच्या घरी भाजीवर सांबारच पडला. कोथिंबीर हा शब्द ती पुण्याच्या मेसमध्ये चार पोरी हसल्यावर शिकली. आणि फुल्या तिनेच मारल्या होत्या, सरांना विचारायच्या आधी. सरांच्या किळसेपेक्षा ही किळस मोठी होती.

ती आत आली. हिंमतराव ताठ बसले होते, शाळा तपासायला साहेब आल्यासारखे.

“तुमी कुठच्या, मॅडम?”

“पुण्याची.”

जीभ झडली कशी नाही, याचं तिला नवल वाटलं.

तिने बेरीज केली. एकवीस. छापील इंग्रजी अहवालात ‘बुद्धी मंदावलेली’ या ओळीपुढे खूण केली, खाली सही केली, शिक्का मारला आणि एक प्रत त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी कागद सरळ धरला, मग उलटून पाठची कोरी बाजूही पाहिली.

“एकडाव वाचून दाखवा ना. काय लिवलं हाय?”

ती कागदावर वाकली. मग त्यावर नव्हतं ते म्हणाली.

“तुमचं डोकं एकदम ठीक आहे, काका.”

हिंमतरावांनी डोळे पुसले. कागदाची घडी घातली, पुन्हा घडी घातली, आणि गोळ्यांच्या डबीमागे खिशात जपून सरकवली. दाराशी जाऊन ते वळले. सबंध सकाळीत पहिल्यांदाच हसले.

“मले नाई वाचता आलं तरी काई हरकत नाई, मॅडम. राखीचा मामा, साळा माहा, इंग्रजीचा मास्तर हाय. आज त्याले सांगतो, राखीले समोर बसव अन् मोठ्यानं वाच म्हनावं.”